चौदा फूट कुठून आले?

“हे चौदा कुठून आलं?”

पाहुण्यांनी लेझरचा लाल ठिपका स्क्रीनवरच्या एका आकड्यावर धरला होता. ठिपका हलत नव्हता. समोर उभी असलेली प्रज्ञाही हलत नव्हती.

“सर, तो... मिनिमम क्लीअरन्स आहे.”

“कशाचा क्लीअरन्स?”

मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात ओरडत होते. अगं सांग ना! एवढं महिनाभर मला सांगत होतीस, आता काय दातखीळ बसली?

“बारा का नाही? पंधरा का नाही? चौदाच का?”

प्रज्ञानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिनं माझ्याकडे का बघितलं ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं.

मी भोर तालुक्यातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. चौथ्या वर्षाला माझा विषय आहे जनरेटिव्ह डिझाइन. नाव भारी आहे, गोष्ट सोपी आहे. नेहमीच्या पद्धतीत आपण भिंत काढतो, दार काढतो, खिडकी काढतो. ह्या पद्धतीत आपण काहीच काढत नाही, फक्त नियम लिहितो. स्वयंपाकघर पश्चिमेला नको. जिना एवढ्यापेक्षा चढा नको. दोन खोल्यांत एवढं अंतर हवंच. हे नियम कॉम्प्युटरला दिले की तो ते सगळे पाळून शेकडो नकाशे काढून देतो. त्यातला आपण निवडायचा. म्हणजे अक्कल लागते ती नियम लिहिताना आणि निवडताना. मधली हमाली मशीनची.

आणि जूरी म्हणजे आमची तोंडी परीक्षा. पोरं भिंतीवर शीट्स लावतात, स्क्रीनवर काम दाखवतात, बाहेरून आलेले परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, प्रश्न विचारतात. ह्या खेपेचे परीक्षक पुण्याचे होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. पाहुणे म्हणते, तेवढं पुरे. पाहुण्यांचं मोठं ऑफिस आहे, कामही चांगलं आहे. वाईट आहे ती जीभ.

पाहुण्यांनी लेझर बंद केला.

“मॅडम, हा कोड ह्या मुलीनं लिहिलेला नाही.”

“म्हणजे?”

“किती स्वच्छ आहे बघा. नावं बघा, अगदी टेक्स्टबुकमधली. क्लीअरन्स मिनिमम, राइझर मॅक्स, आउटलेट आल्टरनेट. आणि तिला तिचाच आकडा सांगता येत नाही. हा एकतर कुठून तरी उचललाय, नाहीतर एआयकडून लिहून घेतलाय. ह्या बाजूच्या पोरांना प्लॅनवर नॉर्थ दाखवताना मारामार. आणि हे असलं करणार?”

ह्या बाजूच्या पोरांना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात बावीस पोरं बसलेली. त्यातली निम्मी ह्याच बाजूची. कुणी किकवीहून बाइकवर येतं, कुणी वेल्ह्याकडून दोन एसट्या बदलून. सगळी ऐकत होती. माणसानं निदान दार तरी लावून घ्यावं!

“सर, हिचं काम मी पहिल्या दिवसापासून बघितलंय,” मी उठून म्हणाले.

“तुम्ही गाईड आहात. तुम्ही असंच म्हणणार.”

“मग तिला नीट विचारा. असं दरडावून विचारल्यावर मीसुद्धा माझं नाव विसरेन.”

“मॅडम, आवाज कमी. ही जूरी आहे.”

आवाज कमी करणं मला जन्मात जमलेलं नाही. पण तोपर्यंत पाहुण्यांनी मार्कशीटवर तिच्या नावापुढे रेघ मारून ‘संशयास्पद, मार्क राखून’ असं लिहून टाकलं होतं. आमच्याकडे कॉपी सिद्ध झाली तर विषयात शून्य मिळतं. ह्या विषयात शून्य म्हणजे पाचव्या वर्षाला प्रवेश नाही. अख्खं वर्ष पाण्यात, आणि रेकॉर्डवर कॉपी लागते ती वेगळीच. प्राचार्यांनी परवाची मीटिंग लावली आणि क्लार्ककडून प्रज्ञाच्या घरी फोन करवला. पालकांना घेऊन या.

जूरी संपल्यावर मी प्रज्ञाला लॅबमध्ये गाठलं. ती एका बंद कॉम्प्युटरसमोर बसली होती.

“काय झालं होतं तुला? बैल वळतात म्हणून चौदा, एवढं सांगायला काय झालं होतं?”

तिनं मान वर केली. रडत नव्हती. चिडली होती.

“मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, जूरीत बैलबिल काढू नकोस म्हणून?”

मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

आता तिचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझा प्रताप कळेल.

प्रज्ञाचं गाव विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिनं प्रोजेक्टसाठी त्याच बाजूचा एक उतार घेतला होता, मुलींच्या वसतिगृहासाठी. उतारावर बांधकाम म्हटलं की आमची पोरं सरळ डोंगर कापून सपाट करतात. कागदावर काय, माती खोडरबरानं जाते. प्रज्ञानं तसं केलं नाही. उतारावर भाताची खाचरं कशी घालतात, तेच नियम तिनं कॉम्प्युटरला शिकवले. खाचर म्हणजे डोंगराला पायऱ्यांसारखे केलेले भाताचे तुकडे. प्रत्येकाच्या कडेला मातीचा बांध, आणि वरचं पाणी खाली सोडायला बांधात एक तोंड.

नियम तीन. खाचर निदान चौदा फूट रुंद हवं, कारण नांगराची बैलजोडी तेवढ्यात वळते. बांध फार उंच नको, डोक्यावर भारा घेऊन बाईला खाली उतरता आलं पाहिजे. आणि वरच्या खाचराचं तोंड डावीकडे असेल तर खालच्याचं उजवीकडे. दोन्ही एका रेषेत आली तर पाणी जोर धरतं आणि बांध फोडून जातं.

ह्या तीन नियमांवर तिच्या प्रोग्रामनं उतारावर सहा अंगणं बसवली, अंगणांच्या कडेनं खोल्या. पावसाचं पाणी एका अंगणातून दुसऱ्यात नागमोडी उतरत खालच्या टाकीपर्यंत जात होतं. मी सव्वीस वर्षं शिकवतेय. इतकं शहाणं काम विद्यार्थ्याचं सोडा, पुष्कळ नामवंतांचं बघितलेलं नाही.

आणि मी काय केलं? पहिल्या रिव्ह्यूला तिनं कोडची प्रिंट आणली. कोडमध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा आकडा कशाचा. तिनं नावं मराठीत दिली होती. मी लाल पेन घेतलं आणि एकेक खोडत गेले. हे काय, प्रॉपर नावं दे. एक्स्टर्नल काय म्हणतील? जूरीत बैलबिल नको, क्लीअरन्स म्हण. माझ्या पेनाला तेव्हा काय धार आली होती!

त्या मुलीनं मुकाट्यानं सगळी नावं बदलली. आणि पाहुण्यांनी तीच नावं बघून तिला चोर ठरवलं.

मी कपाट उपसलं. सगळ्या रिव्ह्यूच्या प्रिंट मी ठेवते. घरचे हसतात, रद्दी म्हणतात. तासाभरानं ती प्रिंट सापडली. वर तारीख, खाली माझी सही, मध्ये सगळीकडे माझा लाल रंग. ती घडी करून पर्समध्ये घातली. खोटं कशाला बोलू, पुढचा एक दिवस मी ती बाहेर न काढता भागेल का, ह्याच विचारात होते. दोन वर्षांत रिटायर होणारी बाई मी. भर मीटिंगमध्ये स्वतःचीच चूक टेबलावर ठेवायची हौस कुणाला असते?

मीटिंगच्या दिवशी प्रज्ञाची आई आली. शेवंताबाई. नसरापूरला एसटी बदलून, साडेदहाच्या मीटिंगला साडेनऊलाच येऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि प्रज्ञाचं दहावीचं मार्कशीट. ते कशाला आणलं म्हणून विचारलं तर म्हणाली, “कामाला येईल म्हनून आनलं. बाई, कापी म्हंजी चोरीच का वो?”

“तसंच काहीसं.”

“मंग माझ्या पोरीनं कुनाचं काय चोरलं, त्येवडं दाखवा. म्या आपल्या हातानं परत करते.”

मी दार उघडून तिला आत नेलं.

प्राचार्य चांगले गृहस्थ आहेत, फक्त बाहेरचा माणूस समोर आला की त्यांचा कणा मऊ होतो. त्यांनी पाहुण्यांना खुर्ची दिली, मला खुर्ची दिली. शेवंताबाई उभी. मीच कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिला बसवलं. प्रज्ञा लॅपटॉप जोडून भिंतीवरच्या पडद्याजवळ उभी राहिली.

“हे बघा,” प्राचार्य म्हणाले, “कुणाचं नुकसान व्हावं असं कुणाला वाटत नाही. सर एक साधी टेस्ट घेणार आहेत.”

पाहुण्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. प्रज्ञाच्या समोरचा! विचारलंसुद्धा नाही. चौदा खोडून त्यांनी बारा लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर नकाशा हलला. सहा अंगणांची सात झाली.

“बघा. एक अंगण जास्तच मिळालं. दिसतंयही छान. म्हणजे चौदाला काही अर्थच नव्हता. उचललेल्या कोडमध्ये हे असंच असतं. आकडे कुठले कुठले येऊन बसलेले असतात.”

प्राचार्यांनी मान डोलावली. मी प्रज्ञाकडे बघितलं. ती पडद्याकडेच बघत होती.

तेवढ्यात मागून शेवंताबाई बोलली.

“प्रज्ञा, ती निळी रेघ कशाची गं?”

“पाण्याची. पावसाचं पाणी.”

“आन ह्यो खाली डाव्या अंगाला लाल चौकोन?”

“सैपाकघर.”

“मग ह्ये पानी सैपाकघरात जाईल की!”

पाहुणे वळले.

“काय म्हणालात?”

शेवंताबाई उठली आणि सरळ पडद्यापाशी गेली. बोट लावून मोजायला लागली. “ह्येचं तोंड डावीकडं. ह्येचं उजवीकडं. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. ही झाली सा. मगाशी साच व्हती ना? तवा शेवटाचं तोंड उजव्या अंगाला व्हतं, पानी तिकडनं भाईर जात व्हतं. तुमी सातवं घातलं. आता शेवटाचं तोंड आलं डावीकडं, चुलीवर. आमच्या दिराची वाटनी झाली तवा हेच झालं. खाचरं अरुंद झाली, येक बांध जास्तीचा पडला. पैल्या पावसात चूल पोहत व्हती माझी. मग वरपातुर समदी तोंडं फिरवली, आठ दीस लागलं.”

तिनं हे असं सांगितलं, जसं भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं. आणि जाऊन परत खुर्चीवर बसली.

आता प्रज्ञा पुढे झाली. “सर, चौदाला अर्थ आहे. साइटवर जुनी खाचरं आहेत, पडीक. ती बैल वळतील अशीच केलेली आहेत, चौदा फुटांची. चौदा ठेवलं तर माझी अंगणं जुन्याच बांधांवर बसतात. माती कापावीच लागत नाही. बारा केलं की सगळा डोंगर पुन्हा खणायचा.”

झालं, मला वाटलं. आता तरी हा माणूस कबूल करेल. मी पर्सवरचा हात काढलासुद्धा. म्हटलं सुटले.

पाहुणे हसले.

“आईला चांगलं तयार करून आणलंय.”

मी खूप माणसं बघितली आहेत. उद्धट बघितली, आळशी बघितली, कोडगी बघितली. पण एक बाई पडद्यावर पहिल्यांदाच बघितलेला नकाशा तुमच्यापेक्षा बरा वाचते, तुम्ही स्वतःच्या हातानं आत्ता केलेली चूक तुम्हाला दाखवते, आणि तुम्ही म्हणता तिला शिकवून आणलंय? तुम्ही बारा लिहिणार हे तिला काय स्वप्नात दिसलं होतं?

हे सगळं मी मोठ्यानं म्हणाले. बरंच काही आणखीही म्हणाले, ते प्राचार्यांनी मिनिट्समध्ये घेतलं नाही.

मग पर्स उघडली आणि ती प्रिंट टेबलावर आपटली.

“वाचा.”

पाहुण्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ: बैलवळण, चौदा. दुसरी ओळ: आई_उतरते, अडीच. तिसरी: तोंड_उलटसुलट. प्रत्येक नाव लाल रेघेनं खोडलेलं, शेजारी लाल अक्षरात इंग्रजी नाव.

“हा तिचा पहिला खर्डा. तीन महिन्यांपूर्वीचा. वर तारीख आहे. कुठल्या वेबसाइटवर बैलवळण सापडतं ते मला दाखवा, मी आत्ता राजीनामा देते.”

पाहुण्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, “ही नावं खोडली कुणी? ही ठेवली असती तर मी प्रश्नच विचारला नसता.”

एवढं एक वाक्य तो माणूस दोन दिवसांत खरं बोलला. आणि ते नेमकं माझ्याच विरुद्ध निघालं.

“मी खोडली,” मी म्हणाले. “खाली सही आहे.”

प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले. शेवंताबाईनं पोरीकडे बघितलं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती, आणि ह्या वेळी तिनं मान खाली घातली नाही. ती मी घातली.

निकाल असा लागला. पाहुण्यांनी मार्कशीटवरचा ‘संशयास्पद’ शेरा खोडून ‘शंकानिरसन झाले’ लिहिलं आणि शंभरापैकी एकसष्ट मार्क दिले. एकसष्ट! ज्या कामातलं त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं, त्याचे एकोणचाळीस मार्क कशाचे कापले ते त्यांनाच ठाऊक. माफी मागितली नाही. जाताना प्रज्ञाला म्हणाले, “यू शुड हॅव स्पोकन अप.” म्हणजे चूक तिचीच. गाडीत बसून निघून गेले.

पण वर्ष वाचलं. रेकॉर्डवर काही आलं नाही. जुलैत ती पाचव्या वर्षाला बसली. आता कॉलेजच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तिचा तोच नकाशा छापलाय, सहा अंगणांचा. प्राचार्य येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात. मी दर वेळी विचारते, मार्क किती पडले होते ते पण छापा ना. ते विषय बदलतात.

त्या दिवशी शेवंताबाईला सोडायला मी भोरच्या एसटी स्टँडवर गेले. प्रज्ञाला प्रॅक्टिकल होतं, म्हणून आम्ही दोघीच. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, आता सांगूनच टाकावं.

“ताई, खरी चूक माझी आहे. पोरीनं नावं बरोबर दिली होती. मीच बदलायला लावली. त्यामुळे त्यांना वाटलं हे तिचं नाही.”

“व्हय, आयकलं म्या.” ती पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायली. “त्या कागदावर माझंबी नाव व्हतं म्हनं. आई उतरते.”

“हो. अडीच फूट. त्याहून उंच बांध तिनं कुठेच ठेवला नाही.”

“भारा घिऊन अडीचच. त्याच्यावर न्हाई जमत, गुडगा धरतो.” ती जराशी हसली. मग म्हणाली, “तुमी खोडलं कशापाई?”

जे खरं होतं तेच सांगितलं. “इंग्रजीत बरं दिसतं म्हणून.”

“कुनाला?”

टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. नसरापूरची एसटी लागली, ती पिशवी सांभाळत चढली, खिडकीतून हात केला.

ह्या सेमिस्टरला मी वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: नियम ज्याच्याकडून शिकलात, त्याच्या भाषेत त्याचं नाव द्या. प्राचार्य आले, वाचून म्हणाले, “मॅडम, एक्स्टर्नलना कळणार नाही.”

म्हटलं, “नाही कळलं तर विचारतील. आणि उत्तर येईपर्यंत थांबतील.”

लाल पेन मी त्याच दिवशी ऑफिसात जमा केलं. आता पेन्सिल वापरते.